वारणेचा तह : लढाईनंतरची लढाई

१३ एप्रिल १७३१ रोजी सातारा आणि कोल्हापूर या मराठ्यांच्या दोन गाद्यांमध्ये झालेला करार इतिहासात वारणेचा तह म्हणून ओळखला जातो. त्याआधीची तेवीस-चोवीस वर्षे या दोन घराण्यांत वैर धुमसत होते. फौजा एकमेकींवर चालून गेल्या, किल्ले या हातातून त्या हातात गेले, सरदारांनी अनेकदा पक्ष बदलले. इतके होऊनही राज्य कोणाचे, हा प्रश्न जागच्या जागीच राहिला. तो सुटला नऊ कलमांच्या कागदाने.

सातारा आणि कोल्हापूर एकाच घराण्याच्या शाखा असल्या, तरी त्यांच्यातील व्यवहार दोन राज्यांमधला होता. प्रत्येकीची फौज, खजिना आणि प्रधानमंडळ वेगळे होते. मोगल आणि निजाम यांच्याशी दोघीही स्वतंत्रपणे संबंध ठेवत. त्यामुळे वारणेचा तह हे परराष्ट्र धोरणाचेच प्रकरण ठरते. लष्करी बळापेक्षा वाटाघाटींना अग्रक्रम द्यावा, हे मत पुष्कळदा भाबडे किंवा भित्रे समजले जाते. तलवारीचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी मुलुखातच त्या मताचा इतका ठोस पुरावा आहे, म्हणून तो बारकाईने पाहायला हवा.

दोन गाद्यांचे वैर

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. त्यानंतर काही आठवड्यांतच शहजादा आझमशहाने छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांची मोगलांच्या कैदेतून सुटका केली. या सुटकेत हिशेब होता. शाहू दक्षिणेत परतले की त्यांच्या चुलती महाराणी ताराबाई आणि ते यांच्यात गादीसाठी झगडा पेटेल, हे मोगल दरबाराला कळत होते आणि घडलेही तसेच. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेड येथे लढाई झाली. धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि ताराबाईंच्या पक्षाचा पराभव झाला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्याच्या आश्रयाने वेगळी गादी उभी केली. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन ताराबाईंच्या सवत राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले. शाहू आणि हे दुसरे संभाजी चुलतभाऊ होते.

या काळात नफा झाला तो तिसऱ्याचाच. बादशहा बहादूरशहापुढे दोन्ही पक्षांनी सरदेशमुखीची मागणी केली. त्याने कोणालाही सनद दिली नाही. आधी आपसांत ठरवा, असे सांगून तो मोकळा झाला. शाहूंचे सेनापती चंद्रसेन जाधव १७११ मध्ये रुसून ताराबाईंकडे गेले आणि पुढे निजामाच्या पदरी राहिले. एका गादीने दुखावलेल्या सरदाराला दुसऱ्या गादीचा दरवाजा नेहमीच उघडा होता. अशा परिस्थितीत कोणाचाही हुकूम धडपणे चालेना आणि रयतेकडून मात्र दोन्हीकडचे अंमलदार वसुली मागू लागले.

याच काळात बोलण्याने साधलेल्या दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाचे होते आणि शाहूंच्या पेशव्यालाच त्यांनी कैद केले होते. आरमाराच्या जोरावर बलाढ्य झालेल्या या सरदाराशी नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी १७१४ मध्ये समेट केला. सरखेलपद आणि किल्ले मान्य करून त्यांनी कोकणचा किनारा शाहूंच्या बाजूला आणला. दुसरी गोष्ट १७१९ ची. दिल्ली दरबारातील सय्यद बंधूंशी केलेल्या करारानुसार बाळाजी विश्वनाथ फौजेसह दिल्लीला गेले. तेथून स्वराज्य, चौथ आणि सरदेशमुखी यांच्या सनदा मिळाल्या आणि १६८९ पासून मोगलांच्या कैदेत असलेल्या येसूबाई घरी परतल्या. सोबत फौज होती हे खरे, पण तीस वर्षांच्या युद्धाला न जमलेली सुटका कराराने झाली.

पालखेड आणि त्यानंतर

१७२७ मध्ये निजामाने बहादूरशहाचाच डाव पुन्हा टाकला. चौथाई शाहूंना द्यायची की संभाजींना, हे ठरत नाही तोवर ती देणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली आणि कोल्हापूरच्या संभाजी महाराजांना हाताशी धरले. शाहूंचे पेशवे थोरले बाजीराव यांनी त्याच्या प्रदेशात वेगाने हालचाली करून फेब्रुवारी १७२८ मध्ये त्याला वैजापूरजवळ पालखेड येथे कोंडले. अन्नपाणी तुटल्यावर निजामाने बोलणी सुरू केली आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगाव येथे तह झाला. शाहूंचा चौथ-सरदेशमुखीचा हक्क त्याने मान्य केला आणि संभाजींचा पाठिंबा सोडला.

पालखेडची मोहीम युद्धशास्त्राचा नमुना म्हणून गाजली, आणि ते योग्यच आहे. पण बाजीरावांनी तिचा शेवट कसा केला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कोंडीत सापडलेल्या फौजेची कत्तल करण्याऐवजी त्यांनी लेखी हक्क पदरात पाडून घेतला. मोहिमेचे उद्दिष्ट आधीच ठरलेले होते आणि ते राजकीय होते. ते साधताच मोहीम थांबली.

कोल्हापूरशी असलेला वाद मात्र पालखेडनंतरही मिटला नाही. १७३० मध्ये वारणेच्या परिसरात पुन्हा लढाई झाली. शाहूंच्या बाजूने श्रीपतराव प्रतिनिधींनी संभाजींचा पराभव केला. ताराबाई, राजसबाई आणि संभाजींच्या राणी जिजाबाई शाहूंच्या हाती लागल्या. याच क्षणी कोल्हापूरची गादी नाहीशी करणे शाहूंना लष्करीदृष्ट्या शक्य होते, आणि तसा सल्ला देणारेही अशा वेळी कमी नसतात. शाहूंनी वेगळा मार्ग निवडला. राजस्त्रियांना सन्मानाने पन्हाळ्याला परत पाठवले. ताराबाई मात्र स्वतःच्या इच्छेने साताऱ्यास राहिल्या. त्यानंतर १७३१ च्या आरंभी कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथे दोन्ही छत्रपतींची भेट झाली आणि पुढे तहाची कलमे ठरली.

नऊ कलमे

तहाचा गाभा सीमेचा होता. वारणा आणि कृष्णा यांच्या संगमापासून दक्षिणेकडे तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख, गड आणि ठाण्यांसह, संभाजींकडे आला. वारणेच्या उत्तरेला साताऱ्याचा अंमल राहिला. कोकणात साळशीच्या पलीकडे अंकोल्यापर्यंतचा भाग कोल्हापूरकडे गेला. नदीची सीमा शेतकऱ्यालाही कळते आणि शिपायालाही. तिच्याबद्दल वाद घालायला फारशी जागा राहत नाही.

दुसरा भाग देवघेवीचा. कोपळचा किल्ला संभाजींना मिळाला आणि त्याच्या बदल्यात रत्नागिरी शाहूंना. मिरज आणि विजापूर प्रांतातील ठाणी साताऱ्याकडे आली. कुरापतींचे केंद्र ठरलेले वडगावचे ठाणे कोणालाच न देता पाडून टाकायचे ठरले. ज्या जागेमुळे दोघेही पुन्हा भांडतील ती जागाच शिल्लक ठेवायची नाही, ही त्यामागची दृष्टी होती.

तिसरा भाग भविष्याचा. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत पुढे जो मुलूख जिंकला जाईल त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा ठरला. एकाशी वैर करणाऱ्याचे पारिपत्य दुसऱ्याने करायचे, असेही मान्य झाले. कालचा शत्रू आजचा भागीदार झाला, तर शांतता टिकवण्यात त्याचाही स्वार्थ असतो, हे या कलमांनी ओळखले होते.

सर्वांत मार्मिक कलम चाकरांविषयीचे आहे. एका राज्यातील चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, असे ठरले. चंद्रसेन जाधवांपासून अनेकांनी ज्या फटीचा उपयोग केला, ती या कलमाने बुजवली. युद्ध चालू राहण्यातच ज्यांचा फायदा असतो, अशी माणसे प्रत्येक वादात असतात. त्यांचा बंदोबस्त न करणारा तह फार काळ टिकत नाही.

तहाने काय साधले

हा तह बरोबरीचा नव्हता. शाहूंचे वडीलपण आणि सामर्थ्य त्यात स्पष्ट दिसते. उत्तरेकडच्या विस्तारात कोल्हापूरला वाटा मिळाला नाही. तरीही पराभूत पक्षाची गादी, प्रतिष्ठा आणि निश्चित मुलूख शाबूत राहिला. म्हणून तो तह मोडण्याचे कारण त्या पक्षाला उरले नाही. शाहूंच्या हयातीत, म्हणजे १७४९ पर्यंत, या दोन गाद्यांमध्ये पुन्हा मोठे युद्ध झाले नाही. मराठ्यांच्या फौजा १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीपर्यंत पोहोचल्या आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. या यशाची कारणे अनेक आहेत. पण पाठीमागे घरची आघाडी शांत नसती, तर इतक्या दूरच्या मोहिमा झेपल्या नसत्या.

बोलणी सोडल्यावर काय होते, तेही याच मुलुखाने पाहिले. १७६० मध्ये संभाजी महाराज वारल्यावर कोल्हापूरचे राज्य ताब्यात घेण्याचा प्रयत्न पेशव्यांनी केला. जिजाबाईंनी तो यशस्वी होऊ दिला नाही आणि १७६२ मध्ये दत्तक घेऊन गादी राखली. त्यानंतर चिकोडी-मनोळीच्या मुलुखावरून कोल्हापूरकर आणि पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्यात वर्षानुवर्षे लढाया झाल्या. सप्टेंबर १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन मारले गेले. पुढच्याच वर्षी सूड घेण्यासाठी आलेल्या फौजांनी कोल्हापूरला वेढा घातला. इंग्रज दाराशी उभे असताना मराठ्यांचे अनुभवी सेनापती आणि शिपाई आपसांतल्या लढायांत खर्ची पडत होते.

शेवटी तह झालाच, पण तो तिसऱ्याने लिहिला. १८१२ मध्ये इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन यांच्यामार्फत झालेल्या करारात कोल्हापूरने मालवणचे बंदर इंग्रजांना दिले, चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला आणि इंग्रजांच्या संमतीशिवाय कोणाशी युद्ध न करण्याचे मान्य केले. सहा वर्षांत पेशवाई बुडाली आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. भावाभावांनी वेळेवर केलेला तह दोघांनाही वाढवतो आणि वेळ निघून गेल्यावरचा तह दोघांनाही मांडलिक करतो. १७३१ आणि १८१२ या दोन तहांतला फरक नेमका हाच आहे.

कोल्हापूरचा आधुनिक वारसा

या इतिहासाचा अभ्यास कोल्हापुरात घराजवळच झाला. छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने वसलेली राजारामपुरी आणि तिच्या पुढच्या सागरमाळावरचे शिवाजी विद्यापीठ हा शहराचा सुशिक्षित भाग. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासकार होते. त्यांनी संपादित केलेल्या ताराबाईकालीन कागदपत्रांमुळे दोन गाद्यांच्या राजकारणाचा अस्सल पुरावा वाचकांपुढे आला. विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाले. त्याच दिवशी लडाखमध्ये रेझांग ला येथे भारतीय जवान चिनी सैन्याशी शेवटच्या गोळीपर्यंत लढत होते.

त्या युद्धाच्या अखेरीस महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावण्यात आले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे हे माजी विद्यार्थी. त्यांच्या कारकिर्दीत लष्कराची संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याची योजना आखली गेली आणि डोंगरी युद्धासाठी नव्या तुकड्या उभ्या राहिल्या. १९६५ च्या युद्धात हवाई दल वापरण्याचा निर्णय त्यांनी तातडीने घेतला. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदच्या वाटाघाटींच्या वेळी ते लालबहादूर शास्त्रींबरोबर होते. १९७४ मध्ये हेच चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले. त्यांच्याच काळात, १९७६ मध्ये, चीनशी पंधरा वर्षांनंतर राजदूतांच्या पातळीवरचे संबंध पुन्हा सुरू झाले आणि १९७१ च्या युद्धात तुटलेले पाकिस्तानबरोबरचे राजनैतिक संबंधही जुळले. चीनच्या आक्रमणानंतर सैन्य उभे करणारा माणूस चीनशी संवाद सुरू करणाऱ्या सरकारचा परराष्ट्रमंत्री होता, यात विसंगती नाही. पहिल्या कामामुळे दुसरे काम सन्मानाने करता आले.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की बळाशिवाय बोलण्याला किंमत नसते. पालखेड झाले नसते तर निजामाने ऐकले नसते, आणि १७३० ची लढाई हरले नसते तर संभाजी तहाला आले नसते. या आक्षेपात तथ्य आहे. मुत्सद्देगिरीला अग्रक्रम देणे म्हणजे सैन्य मोडणे नव्हे. पण फौजेने मिळवून दिलेल्या संधीचा वापर कोणत्या उद्दिष्टासाठी करायचा, हे फौज ठरवू शकत नाही. ते उद्दिष्ट आधीपासून स्पष्ट नसेल, तर विजयही वाया जातो. अमेरिकेने २००१ मध्ये अफगाणिस्तानातील तालिबानची राजवट काही आठवड्यांत उलथवली. वीस वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, तेच तालिबान काबूलमध्ये परतले. २००३ मध्ये इराकवर हल्ला करताना ज्या संहारक शस्त्रांचे कारण दिले गेले, ती शस्त्रे सापडलीच नाहीत. इराक मात्र अनेक वर्षांच्या रक्तपातात ढकलला गेला.

दुसरा आक्षेप म्युनिकचा. १९३८ मध्ये हिटलरशी केलेल्या करारानंतर वर्षभरात दुसरे महायुद्ध पेटले, म्हणून आक्रमकाशी बोलणे म्हणजे त्याला सोकावणे, असे म्हटले जाते. म्युनिकचा दोष बोलण्यात नव्हता. ज्या चेकोस्लोव्हाकियाचा मुलूख द्यायचा, त्यालाच त्या बैठकीत स्थान नव्हते. वारणेच्या तहात ज्यांचा मुलूख होता तेच समोरासमोर बसले. दुसऱ्याच्या जिवावर केलेली सवलत आणि दोघांनी मिळून केलेली तडजोड यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. दहशतवाद पोसणाऱ्या शेजाऱ्याशी काय बोलायचे? २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. ही जखम महाराष्ट्र विसरू शकत नाही. अशा हल्ल्याचा प्रतिकार करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. पण मुत्सद्देगिरी म्हणजे केवळ शत्रूशी गप्पा नव्हेत. पुरावे जगापुढे मांडणे, मित्र जोडणे, पैशाच्या वाटा बंद करणे ही तिचीच कामे आहेत. दहशतवादाला होणाऱ्या अर्थपुरवठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृती दलाने पाकिस्तानला जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या काळात करड्या यादीत ठेवले, ते अशाच चिकाटीच्या प्रयत्नांमुळे. मे २०२५ मधील पाकिस्तानबरोबरच्या लष्करी संघर्षातही गोळीबार थांबवण्याचे ठरले ते १० मे रोजी दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांच्या संभाषणातून. त्यानंतर भारताने सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे जगभर पाठवली. त्यांपैकी दोन महाराष्ट्रातील खासदार सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली गेली. सैन्याची कारवाई चार दिवसांची होती. तिचा अर्थ जगाला पटवण्याचे काम त्याहून लांबले.

तह मोडतात, हा चौथा आक्षेप. ताश्कंद करारानंतर सहा वर्षांच्या आत पुन्हा युद्ध झाले. ताश्कंदने फौजा मागे नेल्या, मूळ वाद मात्र तसाच ठेवला. म्हणून तो कमकुवत राहिला. याउलट इजिप्त आणि इस्राएल यांच्यात चार युद्धे झाली. १९७९ च्या करारानुसार सिनाईचा प्रदेश परत गेला आणि त्यानंतर या दोन देशांत युद्ध झालेले नाही. भारत आणि बांगलादेश यांनी २०१५ मध्ये एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या १६२ वस्त्यांची अदलाबदल केली. हजारो माणसांना प्रथमच निश्चित नागरिकत्व मिळाले आणि त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही. कोपळ देऊन रत्नागिरी घेण्यामागचा विचार याच जातीचा होता.

अग्रक्रम म्हणजे काय

अग्रक्रमाची खरी कसोटी पैशात आणि माणसांत लागते. २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च सुमारे २.७ लाख कोटी डॉलर होता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे वार्षिक अंदाजपत्रक त्याच्या सुमारे पाचशेव्या हिश्शाइतके आहे. शेजाऱ्यांची भाषा जाणणारे अधिकारी, नदीच्या पाण्याचे आणि समुद्री हद्दींचे तज्ज्ञ, जुने करार वाचलेले अभ्यासक तयार करायला दशके लागतात. संकट आल्यावर ते बाजारातून आणता येत नाहीत.

युद्धाची किंमत कोण मोजतो, हाही प्रश्न आहे. कोल्हापुरात राजारामपुरीजवळच्या टेंबलाई टेकडीच्या परिसरात मराठा लाइट इन्फंट्रीची प्रादेशिक सेनेची बटालियन आहे. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. या जिल्ह्यात युद्धाची बातमी वर्तमानपत्राच्या आधी घरात पोहोचते. जवान आज्ञा पाळायला बांधलेला असतो. म्हणूनच त्याला सीमेवर पाठवण्यापूर्वी बाकीचे सर्व उपाय करून पाहणे, ही त्याच्याप्रति राज्याची जबाबदारी आहे. शौर्याचा खरा आदर या जबाबदारीत आहे. युद्धज्वराच्या घोषणांत नाही.

वारणेच्या तहातून टिकाऊ शांततेच्या अटी स्पष्ट होतात: वादातले दोन्ही पक्ष समोरासमोर हवेत, सीमा निःसंदिग्ध हवी, हरलेल्याचा मान राखला जावा, दोघांनाही काही मिळावे, आगलाव्यांचा बंदोबस्त व्हावा आणि पुढच्या पिढीने करार जपावा. सैन्य या अटींच्या पाठीशी उभे राहू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. म्हणून युद्धाची भाषा ऐकू येईल तेव्हा नागरिकांनी, वर्तमानपत्रांनी आणि लोकप्रतिनिधींनी सरकारला एक प्रश्न ठामपणे विचारला पाहिजे: लढाईनंतर होणाऱ्या तहाची कलमे कोणती, आणि ती लढाईशिवाय मिळवण्यासाठी काय केले? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत एकाही जवानाला मरणाच्या वाटेवर पाठवण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही सरकारला नाही.